कळसाडीच्या झाडांवरचं रेडियम

प्रवासाला निघालं की लोक विचारतात, कशाला चाललात? लग्न, देव किंवा दवाखाना यांतलं एखादं उत्तर हाताशी असलं की बरं पडतं. मी नाशिकहून नंदुरबार जिल्ह्यात एक डबा शोधायला निघाले होते, तोही अंधारात, हातात बॅटरी घेऊन. शेजारच्या बाईंना मी तसं खरंखुरं सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे पाहून नुसतं "हो का" म्हटलं. यजमान गुडघ्याला पट्टा बांधत बसले होते. ते म्हणाले, "डबाच शोधायचाय ना, मग घरात शोध. माझ्या चष्म्याचा डबा परवापासून सापडत नाहीये."

डबा रेणूने लपवला होता. रेणू आमची एकुलती मुलगी, जर्मनीत असते. तिथे तिला जिओकॅशिंग नावाच्या खेळाचं खूळ लागलं. खेळ सोपा आहे. कुणीतरी एक डबा झाडात, दगडात, पुलाखाली लपवतो आणि त्याच्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतो. बाकीचे लोक मोबाइलवरचा नकाशा बघत तिथवर जातात, शोधतात, डब्यातल्या वहीत आपलं नाव लिहितात. आतली एखादी वस्तू आवडली तर घ्यायची, पण तिच्या तोडीचं काहीतरी ठेवूनच. मग डबा होता तसा झाकून निघून यायचं. बक्षीस नाही की टाळ्या नाहीत.

यातला एक प्रकार रात्रीचा. त्यात आकडे फक्त सुरुवातीच्या जागेचे असतात. पुढे झाडांवर चकाकणाऱ्या छोट्या पिना टोचलेल्या असतात, आपण ज्याला रेडियम म्हणतो त्या. दिवसा त्या कुणाच्या नजरेत भरत नाहीत. अंधारात बॅटरी मारली की एक चमकते, तिथे गेलं की पुढची, असं करत माणूस डब्यापाशी पोचतो. रेणूने फोनवर मला बजावलं होतं, "आई, बॅटरी खाली धरू नकोस. कानाजवळ धर, डोळ्यांच्या रेषेत. रेडियम उजेडाला आल्या वाटेनेच परत पाठवतं, म्हणून डोळ्यांशेजारी धरली तरच दिसेल." मी घरातले दिवे मालवून, बॅटरी कानाला लावून, यजमानांच्या सायकलच्या मागच्या लाल भिंगावर सराव केला. भिंग चमकलं. यजमान म्हणाले, "कुणाशी बोलतेयस?"

दोन हिवाळ्यांपूर्वी रेणू आली होती तेव्हा मला चिकुनगुनिया झाला होता. सांधे धरले होते, उठता येत नव्हतं. ती एकटीच शहाद्याला जाऊन आली. यजमान पाटबंधारे खात्यात होते तेव्हा आम्ही काही वर्षं शहाद्यात काढली होती, रेणू तिथे चौथीपर्यंत शिकली. परत आल्यावर म्हणाली, "तुझ्यासाठी डबा लपवलाय. पुढच्या हिवाळ्यात दोघी जाऊन शोधू." पुढच्या हिवाळ्यात तिला रजा मिळाली नाही. या हिवाळ्यात तिने तिकडे घर घेतलं. आणि मग मध्येच कुणा सुरतेच्या जोडप्याने लिहिलं की आम्ही फिरफिर फिरलो, डबा सापडला नाही. खेळ चालवणाऱ्यांनी रेणूला कळवलं, डबा जागेवर आहे का ते बघा, नाहीतर त्याचं इंटरनेटवरचं पान बंद करू. तिने मला विचारलं, "आई, तू जाऊन बघशील?"

या देशात तिच्या नावाचं आता फारसं काही उरलेलं नाही. रेशनकार्डावरून नाव गेलं, इथलं सिमकार्ड बंद झालं, तिच्या खोलीत यजमानांची व्यायामाची सायकल आली. तो डबा तेवढा होता. तो बंद होऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

नंदुरबार

बसमधून उतरले आणि पहिलं काय केलं तर शिंकले. मिरचीच्या दिवसांत नंदुरबारला गेलेल्या माणसाची ओळख तशीच पटते. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, नव्या शेतस का? आठे कोनलेच शिका येतीस नही."

गावाबाहेर मोकळ्या रानात मिरच्या वाळत घातलेल्या असतात. नजर जाईल तिथवर जमीन लाल. मधल्या पायवाटांवरून बाया तोंडाला ओढणी बांधून फिरत होत्या, मिरच्या खालीवर करत होत्या. मी डोळे पुसत त्यांच्याकडे बघत राहिले. डब्यात ठेवायला म्हणून पिशवीभर सुक्या मिरच्या घेतल्या आणि मोठ्या हौसेने रेणूला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आई, डब्यात खायचं ठेवायचं नसतं. उंदीर येतात." नंदुरबारच्या मिरचीला तोंड लावणारा उंदीर मला तरी बघायचा होता. मिरच्या परत पिशवीत गेल्या. त्यानंतर डोळे चोळायची चूक मी केलीच, आणि तापीचा पूल येईपर्यंत शहाद्याच्या बसच्या खिडकीतून वारा घेत, रडत गेले. बाकावर शेजारी बसलेल्या बाईंना वाटलं, माहेर सोडून निघालेय.

शहादा

शहाद्याला मी कांताभाभींकडे उतरले. त्यांचं कापडाचं दुकान, वर घर. कुटुंब मूळचं राजस्थानातलं, जैन, पण कांताभाभींचा जन्म इथलाच. त्या तोंडाने हिशेब मारवाडीत करतात, गिऱ्हाइकाशी अहिराणीत बोलतात आणि माझ्याशी या सगळ्याची भेळ करून. त्यांची पिंकी आणि आमची रेणू एकाच बाकावर बसायच्या. पिंकी आता सुरतेत आहे, म्हणजे हाकेच्या अंतरावर, असं आपलं मला वाटतं. कांताभाभींना सुरतही लांब वाटते.

"अंधारात? उसाच्या रानात?" माझा कळसाडीचा बेत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "सुलूताई, तठे बिबट्या फिरी ऱ्हायना. परवा कुत्रं उचलून नेलं."

"मग मी एकटी जाते."

"एकटी कशी जाशील? मी मरी गयी का?"

ऊन कलायच्या आत त्यांनी मला जेवायला बसवलं. त्यांच्यात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, आणि कांताभाभी तर पाण्याचा घोटही घेत नाहीत. आमच्याकडे रात्री साडेनऊला कुकरच्या शिट्ट्या वाजतात. भुकेचा पत्ता नसताना मी गट्ट्याची भाजी आणि फुलके खाल्ले. त्या फोडणी करत होत्या तेव्हा माझी नजर त्यांच्या मिसळणाच्या डब्यावर गेली. सात वाट्या, सातही जागेवर.

माझ्या डब्यात सहाच आहेत. दोन हिवाळ्यांपूर्वी, रेणू परत गेल्यावर मी दुखण्यातून उठून ओट्याशी उभी राहिले, तेव्हा मोहरीची वाटी जागेवर नव्हती. मी सगळं घर शोधलं, मग एक दिवस शोधायचं थांबवलं, कारण मला उमगलं की वाटी रेणूने नेली. तिकडच्या घरात आपलं काहीतरी असावं म्हणून नेली असणार. तिला मी कधी विचारलं नाही. विचारलं आणि ती "नाही गं" म्हणाली तर काय करायचं? मी त्या जागी लोणच्याच्या बरणीचं प्लास्टिकचं झाकण ठेवलं आणि त्यात मोहरी भरली. संध्याकाळी फोडणी टाकताना मनात यायचं, तिकडे आता दुपार, तिच्या ओट्यावर ती वाटी असेल. बरं वाटायचं. कांताभाभींना मी यातलं काही बोलले नाही.

कळसाडी, पहिली संध्याकाळ

रिक्षाने आम्हाला शहाद्याजवळच्या कळसाडी गावाच्या रस्त्यावर सोडलं तेव्हा दिवेलागण झाली होती. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला वेचून झालेला कापूस, पराट्यांच्या वाळक्या काड्या नुसत्या उभ्या. थंडी मजेची होती. उसातून चालताना आवाज करत चालायचं, म्हणजे जनावर वाटेला जात नाही, असं इथले लोक मानतात आणि रात्री पाणी भरायला जाताना मोबाइलवर गाणी लावून जातात. कांताभाभींनी स्तवन लावलं, पूर्ण आवाजात. अहिंसेचे बोल कानावर घेत आम्ही बिबट्याच्या मुलखात शिरलो.

रेणूने दिलेल्या आकड्यांवर रस्त्याखालून पाणी जायची एक मोरी होती. मी बॅटरी कानाशी धरली आणि गोल फिरले. समोरच्या कडुनिंबावर एक टिपका चमकला.

 इथे ती उभी होती. टाचा उंचावून तिने ती पिन टोचली असणार, तिची उंची माझ्याएवढीच. मी झाडापाशी जाऊन पिनेवर बोट ठेवलं. कांताभाभी म्हणाल्या, "एवढंसं? एवढ्यासाठी नाशिकहून आलीस?" मी म्हटलं, हो.

दुसरा टिपका बाभळीवर मिळाला. तिसऱ्यापासून घोळ सुरू झाला. मी चारी दिशांना बॅटरी फिरवली, पुढे गेले, मागे आले. सगळीकडे काळोख. रेणूचा फोन आला.

"काय गं, दिसतायत का?"

"दोन दिसले. पुढे काही नाही."

"सांगू का डबा कुठे आहे?"

"नको."

सांगितलं असतं तर काम लगेच झालं असतं, आणि फोनही लगेच संपला असता. तसे आमचे फोन हल्ली संपतातच. जेवलीस का, थंडी आहे का, बाबांचा गुडघा, चल ठेवते. त्या दिवशी ती ऑफिसची दुपार सोडून माझ्याबरोबर अंधारात चालत होती. ते मला एवढ्यात संपवायचं नव्हतं. पण रेंज गेली आणि ते आपोआपच संपलं.

तेवढ्यात डाव्या हाताला, खाली, कमरेच्याही खाली, दोन टिपके चमकले. शेजारीशेजारी. मी आनंदाने तिकडे वळले आणि टिपके हलले.

कांताभाभींनी माझा दंड धरला. स्तवन चालूच होतं. "सुलूताई," त्या पुटपुटल्या, "डोळे शेत ते." मलाही तसंच वाटलं. पळू नये एवढं ऐकून माहीत होतं, पण पाय पळायच्याच विचारात होते. मी बॅटरी वर केली. दोनाचे पाच टिपके झाले, पाचाचे आठ. आठ डोळ्यांचा बिबट्या काही ऐकिवात नव्हता. मग घुंगरं वाजली, आणि कुणीतरी दरडावून विचारलं, "कोन शे रे तठे?"

ती बैलगाडी होती. मागच्या फळीवर रेडियमच्या पिना ओळीने ठोकलेल्या. बैल कडबा ओढत होते तशी गाडी हलत होती. गाडीवाले रोहिदासभाऊ, मळ्यातच घर करून राहणारे शेतकरी. कांताभाभींच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक निघाले. आमची सगळी कथा ऐकून त्यांनी आधी गाडीच्या फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, त्या पिना मीच काढ्यात," ते म्हणाले. "गये वरीसले मन्ही गाडीले मांगून मोटारसायकलवालानी ठोकं. तो पोऱ्या वाची गया, पन मन्हा बैल लंगडा व्हयना. मंग एक दिन पानी भरीसन घर ई ऱ्हायंतू. बॅटरी मारी, ते झाडवर चकचक दखायनं. मी म्हनं, झाडले कोन ठोकी? झाड ते जागावर उभं शे. गाडीले ठोकतस. लावी दिन्ह्यात गाडीले."

 मोरीजवळच्या दोन पिना रस्त्याकडेला होत्या म्हणून त्यांनी सोडल्या होत्या, बाकी साऱ्या माझ्या मुलीच्या पाऊलखुणा गाडीच्या मागे जाऊन बसल्या होत्या. मला हसू आलं आणि रडूही आलं. मिरचीचा हात तरी आता धुतलेला होता.

रोहिदासभाऊंची बायको कोकिळाबाई गाडीपलीकडेच, दारातल्या चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी बोलणं ऐकलं, मला न्याहाळलं आणि विचारलं, "ती चष्मावाली पोर? तुन्ही शे का ती?"

"माझी."

"मन्हा हातनी भाकर खाई गयी व्हती," एवढंच बोलून त्या पुन्हा भाकरी थापायला लागल्या. दादर ज्वारीची भाकरी, उडदाची घोटलेली डाळ, ठेचा. संध्याकाळचं पोट भरलेलं होतं तरी मी दुसऱ्यांदा जेवले, कारण त्या परातीपुढे रेणू बसली होती. कांताभाभी पाण्यालाही शिवल्या नाहीत. कोकिळाबाईंनी न बोलता त्यांच्यासाठी दोन भाकरी सकाळकरिता फडक्यात बांधल्या.

निघताना मी पिना मागाव्यात म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. लंगडा बैल समोर उभा होता.

दुसरी संध्याकाळ

घ्यायचं असेल तर तोडीचं ठेवा, हा खेळाचा नियम. सकाळी मी आणि कांताभाभी ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात गेलो. ट्रॉलीला लावतात ती लाल-पांढरी रेडियमची पट्टी घेतली, चांगली गुंडाळीच. दुकानदाराने विचारलं, "कोणता ट्रॅक्टर?" कांताभाभी म्हणाल्या, "बैलना."

संध्याकाळी रोहिदासभाऊंनी पट्टी गाडीला मागून चिकटवली, उरलेली जुवाला गुंडाळली, लांब जाऊन बॅटरी मारून पाहिली आणि खूश झाले. मग पकडीने एकेक पिन काढून माझ्या ओंजळीत टाकली. आता प्रश्न हा, की कुठली कुठे? त्यांना काही आठवेना. "हाई बोरना झाडवर व्हती... का त्या निंबवर?"

"बोरवर नही," मागून कोकिळाबाई म्हणाल्या. "त्यान्हा पुढला निंबवर."

आम्ही निंबाला पिन टोचली. पुढच्या झाडाशी रोहिदासभाऊ पुन्हा अडले आणि कोकिळाबाईंनी पुन्हा सांगितलं. अशा त्या पदर खोचून आमच्या मागून चालत राहिल्या, प्रत्येक झाड अचूक. त्यांच्या नवऱ्याने वळून विचारलं, "तुले कसं ठावं?" त्यांनी पुढच्या झाडाकडे बोट केलं. शेवटची पिन त्यांनी जुन्या विहिरीजवळच्या चिंचेवर टोचायला लावली आणि तिथेच, हाताची घडी घालून, उभ्या राहिल्या.

मी बॅटरी कानाशी धरली. चिंचेच्या बुंध्याला ढोली होती, तिच्या तोंडाशी दोन दगड. कांताभाभी ओरडल्या, "हात नको घालू, साप असेल." मी आधी काठी फिरवली, मग हात घातला. हाताला गार, गुळगुळीत झाकण लागलं. डबा स्वच्छ होता. दोन पावसाळे काढलेल्या डब्यावर धूळसुद्धा नव्हती.

"दिवाईले पुसी लेस मी त्याले," कोकिळाबाई म्हणाल्या. "मुंग्या लागतीस."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग काल का नाही सांगितलं?"

"तुन्ही पोर सांगी गयी व्हती. म्हने, मन्ही माय येई, तिले सोताले धुंडू देजो." मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "यासले बी सांगं नही. मान्सेसना पोटमा काई ऱ्हास का?"

रोहिदासभाऊ विहिरीकडे बघायला लागले.

मी डबा उघडला. वही, पेन्सिल, कुणीतरी ठेवलेली किल्लीची साखळी. आणि तळाशी, रुमालात गुंडाळलेली, माझी मोहरीची वाटी. काठाला सांडशीची खूण, तीच. आत दोनचार दाणे अजून चिकटलेले.

सगळे माझ्याकडे बघत होते, त्यांना वाटलं मला आनंद झाला. मला काय झालं ते सांगते. दोन वर्षं मी ज्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी मनाने जात होते, तिथे ही वाटी नव्हतीच. ती इथे, चिंचेच्या ढोलीत, अंधारात होती. आपलं माणूस आपल्यापासून किती लांब आहे ते मला त्या क्षणी कळलं, विमानतळावरसुद्धा कळलं नव्हतं तेवढं.

विहिरीच्या काठावर चढल्यावर रेंज मिळाली.

"सापडला," मी म्हटलं.

रेणू ओरडली असावी, मोबाइल खरखरला. "आत बघितलंस? वाटी? तू शोधत होतीस ना घरभर? मला बाबांनी सांगितलं होतं. मी तोंड दाबून बसले होते. घे ना ती, तुझ्यासाठीच ठेवली होती."

"मला वाटत होतं तू नेलीस. तिकडे."

मी काठावरच बसले. उसातून वारा गेला.

"मी रोज बघायचे ती तुझ्या ओट्यावर," मी म्हटलं. "फार आठवण येते गं तुझी."

ती म्हणाली, "आई, मग ती राहू दे तिथेच. मी घ्यायला येते." कधी ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती रडत होती हे तिच्या आवाजावरून कळत होतं, आणि मला तिचा तो आवाज सोडवत नव्हता.

वहीत मी नाव लिहिलं. वाटी रुमालात गुंडाळून ठेवली, डबा ढोलीत सारला, दगड लावले. परतताना मोरीपाशी थांबून बॅटरी कानाशी धरली तेव्हा निंबावरचा टिपका चमकला, त्याच्या मागे दुसरा. रस्त्यावर रोहिदासभाऊंची गाडी आम्हाला सोडायला पुढे निघाली होती, मागून लालपांढरी झगमगत. कांताभाभी म्हणाल्या, "लग्नाची वरात वाटते." पाण्याचा थेंब पोटात नसलेली ती बाई मला घरी पोचेपर्यंत हसवत राहिली.

डबा जागेवर असल्याचं रेणूने कळवलं आणि पान चालू राहिलं.

नाशिकला परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी मिसळणाच्या डब्यातलं ते प्लास्टिकचं झाकण काढून टाकलं. मोहरी आता बाटलीत असते. डब्यातली ती गोल जागा तशीच रिकामी आहे. यजमानांनी विचारलं, नवीन वाटी आणू का? मी म्हटलं, नको, आपली कळसाडीला आहे, रेणू घेऊन येणार आहे.